ऊन वाईचं, सावली लंडनची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे पावसाळी चित्रांवर एक लेख आला होता. लेख तसा छान, चित्रंही बघण्यासारखी, पण मधेच लेखकाने एक वाक्य ठोकून दिलंय की वॉटरकलर हे मुळात धुक्याच्या, थंड हवेच्या देशातलं माध्यम, आपल्याकडचं ऊन पडलं भगभगीत, त्यामुळे लँडस्केपवाल्याने पावसाची नाहीतर थंडीतल्या धुक्याची वाट बघत बसावं. आता असं काही छापून आलं की आमच्यासारख्यांना गप्प बसवत नाही. मी सातारा जिल्ह्यात शाळेत चित्रकला शिकवतो, सुट्टी मिळाली की वाईला नाहीतर मेणवलीच्या घाटावर बोर्ड मांडीवर घेऊन बसतो, आणि माझं स्पष्ट मत असं की आपण आपलं ऊन नीट बघतच नाही, दुसऱ्यांच्या उन्हाची चित्रं डोक्यात ठेवून रंगवायला बसतो आणि जमलं नाही की उन्हाला नावं ठेवतो.

लेखकाचं निम्मं बरोबर आहे हे आधी मान्य करतो. इंग्लंडात या माध्यमाचे लाड झाले हे खरंच. तिथल्या वॉटरकलरवाल्यांना रॉयल अकॅडमीत ऑइलवाल्यांपुढे कोणी विचारत नव्हतं म्हणून त्यांनी १८०४ साली आपली वेगळी सोसायटीच काढली, आणि त्यांच्यातल्या टर्नर या चित्रकाराने धुकं, वाफ, सूर्य जे काही कागदावर केलंय त्यापुढे आपण काय बोलणार. पण म्हणून ते माध्यम त्या हवेपुरतंच? त्या सोसायटीच्याही आधी, १७९० च्या दशकात, आपल्या पुण्याचे गंगाराम तांबट इंग्रज रेसिडेंट (पेशवे दरबारातला कंपनीचा वकील) मॅलेटसाठी वेरूळची लेणी वॉशमध्ये, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या थरांत, काढत होते. वेरूळ म्हणजे काय थंड हवेचं ठिकाण आहे का? ती चित्रं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश आर्ट सेंटरमध्ये आहेत, आपल्या पोरांना मात्र हे नावही माहीत नसतं. पुढे कोल्हापूरचे आबालाल रहिमान, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, त्यांनी रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा परिसर किती रंगवला, कोल्हापूरला टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये गेलात तर जरा वेळ काढून थांबा तिथे. नाशिकचा गोदाघाट तिथले चित्रकार शिवाजी तुपे सरांनी रंगवला, पुण्यात मिलिंद मुळीक भर उन्हातल्या गल्ल्या आणि वाडे रंगवतात आणि अख्ख्या देशातले विद्यार्थी त्यांची पुस्तकं समोर ठेवून शिकतात. यातल्या कोणीच धुकं पडायची वाट बघितलेली दिसत नाही.

आणि हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८), चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि अजूनही लोक ते रविवर्म्याचं म्हणून व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करतात, रविवर्मा १९०६ सालीच वारले हो! मॉडेल हळदणकरांची स्वतःची मुलगी होती. पुष्कळांना वाटतं ते ऑइल आहे, पण ते वॉटरकलर आहे. लँडस्केप नाही हे कळतंय मला, पण उजेड म्हणजे काय हे शिकायचं तर लँडस्केपवाल्यानेही ते चित्र बघावं. ज्योतीपुढे हात धरलाय आणि बोटांच्या मधून तो लालसर उजेड आरपार येतो. तो पांढऱ्या रंगाने आणलेला नाही, कागद खालून चमकतोय.

सगळी गोम या कागदात आहे. ऑइलमध्ये उजेड वरून लावता येतो, जाड पांढरा घेतला की झालं. वॉटरकलरमध्ये उजेड पातळ रंगातून खाली कागदापर्यंत जातो, तिथून परत फिरतो आणि रंगातून गाळून आपल्या डोळ्यात येतो. म्हणून जिथे सगळ्यात जास्त ऊन आहे तिथे काहीच करायचं नाही, कागद सोडायचा. विद्यार्थ्यांना हे सांगून पटत नाही, त्यांना वाटतं रिकामं राहिलं, मार्क कापतील. मग तिथे पण काहीतरी पिवळं फासतात आणि ऊन गेलं.

आता आपलं ऊन आणि तिकडचं ऊन यात फरक काय, तर तो साधा भूगोलाचा आहे. लंडनला वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी भर दुपारीसुद्धा सूर्य ६२ अंशांच्या वर चढत नाही, डिसेंबरात तर जेमतेम १५ अंश. म्हणजे तिथे थंडीत तर दिवसभर आपल्या संध्याकाळसारख्या लांबलचक तिरप्या सावल्या, कुठेही बसा, कॉम्पोझिशन आयतं मिळतं. आपल्याकडे पुण्या-साताऱ्याला डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवशीही दुपारी सूर्य ४८ अंशांच्या आसपास असतो, आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर थेट डोक्यावर. शून्य सावली दिवसाची बातमी तुमच्याच पेपरात दरवर्षी येते. मग त्या दिवसांतल्या दुपारच्या चित्रात डावीकडून उजवीकडे लांब सावली पडलेली दाखवली तर ते चित्र खोटं वाटणारच, कितीही सुंदर वॉश मारा.

मग त्या दुपारी असतं काय, तर मेणवलीच्या घाटावर बसून बघा. काळ्या दगडाच्या पायऱ्या आहेत. आपण म्हणतो काळा दगड, पण बारा वाजता पायरीचा वरचा सपाट भाग काळा नसतोच, जवळजवळ पांढरा दिसतो आणि त्यात किंचित निळसर झाक असते कारण तो आकाशाकडे तोंड करून पडलाय. पायरीचा उभा भाग मात्र गडद, आणि त्यातही खालच्या पायरीवरून उन्हाचा उजेड उसळून वर येतो म्हणून तो तपकिरी, ऊबदार दिसतो. म्हणजे एकाच दगडाचे दोन रंग झाले, एक थंड एक गरम, आणि हे पट्टे खाली नदीपर्यंत उतरत जातात. देवळाच्या कमानीखाली बघा, आतली सावली काळीकुट्ट असायला पाहिजे, पण कमानीच्या छताला खालच्या फरशीचा उजेड लागून ते केशरी होतं. भिंतीवर सावली बाजूला न पडता छज्जातून सरळ खाली लोंबते. हा आपल्या दुपारचा उजेड, वरून येतो आणि खालून परत येतो, आणि यात रंगवायला काही नाही असं कोणी म्हणालं तर मी त्याला घाटावर घेऊन जायला तयार आहे, येताना टोपी आणावी.

मी करतो ते असं. पायऱ्यांचे वरचे भाग आणि देवळाच्या शिखराची एक बाजू एवढं सोडून बाकी सगळ्यावर यलो ऑकरचा (मातकट पिवळा) अगदी पातळ वॉश, त्यात थोडा गुलाबी. तो नीट वाळू द्यायचा. मग सगळ्या सावल्या एकाच दमात, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), आकाशाकडे तोंड असलेल्या ठिकाणी निळा जास्त, कमानीखाली सिएना जास्त, पण ब्रश न उचलता, एक सावली दुसरीला जोडलेली, झाडाची सावली पायरीच्या सावलीत मिसळलेली. आणि एकदा लावली की परत हात लावायचा नाही. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यात बसतात आणि आपोआप दगडाचा खरखरीतपणा येतो, बेसाल्टसाठी याच्यासारखा रंग नाही. पेन्स ग्रे हा तयार निळसर राखाडी घेऊन सावली केली की दगड मेलाच म्हणून समजा. सगळ्यात शेवटी कपडे धुणाऱ्या बायका, त्यांच्या साड्यांचे दोन-चार लाल-हिरवे ठिपके, बस्स.

एक व्यावहारिक गोष्ट, कागद स्वतः उन्हात ठेवून रंगवू नका. उन्हातला कागद इतका उजळ दिसतो की आपण सगळंच गडद करत जातो आणि घरी आणल्यावर चित्र काळंठिक्कर. छत्री लावा नाहीतर पिंपळाखाली बसा. आणि मे महिन्यात वॉश अर्ध्यावर पोचेपर्यंत वरचा भाग वाळून कडक कडा पडते, त्यासाठी कागदाची मागची बाजू पण ओली करून घ्यायची, मग तो जरा वेळ ओल धरतो.

कोकणात हेच गणित परत बदलतं. तिथे खाली जांभा, लाल माती. चुना लावलेल्या घराची भिंत जमिनीजवळ चक्क गुलाबी दिसते कारण मातीचा लाल उजेड तिच्यावर उडतो. देशावरच्या माणसाने कोकणात जाऊन आपल्या त्याच राखाडी सावल्या टाकल्या की घर कोकणातलं वाटत नाही, माड कितीही काढा.

आता हवेचं. वॉटरकलरच्या प्रत्येक पुस्तकात आणि व्हिडिओत एक नियम ठरलेला असतो, लांबचं ते निळं आणि फिकं. नियम खोटा नाही. हवेचे रेणू निळा उजेड जास्त विखुरतात म्हणून आपल्या आणि डोंगराच्या मधे जितकी हवा जास्त तितका डोंगर निळा. पण हे स्वच्छ हवेचं झालं. धूळ आणि पाण्याचे थेंब हे रेणूंच्या मानाने खूप मोठे, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून मधे निळ्याऐवजी पांढरट पडदा येतो. एप्रिल-मेमध्ये वाईहून पांडवगड बघा, निळा बिळा काही नाही, मळकट पांढरा, त्यात थोडी पिवळी झाक, आणि आकाशही क्षितिजाजवळ त्याच रंगाचं, डोंगर कुठे संपला कळत नाही. अशा वेळी ट्यूबमधला कोबाल्ट निळा काढून डोंगरावर मारला की झालं कॅलेंडर. मी मे मधल्या लांबच्या डोंगराला आकाशाचाच वॉश वापरतो, त्यात जरासा ऑकर आणि जरासा लाल, आकाशापेक्षा कणभरच गडद. तो डोंगर दिसतो न दिसतो असाच पाहिजे.

याउलट पाऊस संपला की ऑक्टोबरात हवा धुऊन निघालेली असते, तेव्हा तोच पांडवगड खरोखर निळा आणि इतका स्पष्ट की घळी मोजता येतात, जवळ सरकल्यासारखा वाटतो. तेव्हा पोरं तो इतका गडद करतात की अंगावर येतो. आणि जूनचा पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जे दिसतं त्याला तर तोडच नाही, धूळ खाली बसलेली, डोंगर अजून तपकिरी, हिरवं फुटायला वेळ आहे, आणि सावल्या जांभळ्या. हा उजेड टिकत नाही, परत ढग येतात. पण बाहेरच्या पुस्तकांत याची रेसिपी नाही, कारण ही पुस्तकं जिथे लिहिली गेली तिथे मान्सून नाही.

पावसाळ्याबद्दल तुमच्या लेखात पुष्कळ आलंय म्हणून मी लांबण लावत नाही. एवढंच की पावसात वॉटरकलर सोपं होतं हा गैरसमज आहे. महाबळेश्वर-पाचगणीला जुलैत कागद वाळतच नाही, पहिला वॉश लावून जेवून आलात तरी ओला, आणि अर्धवट ओल्यावर दुसरा रंग टाकला की पाणी पहिल्याला ढकलत जातं आणि कोबीच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात. धुकं ओल्यात ओलं करून छान येतं, पण डोंगराची एखादी तरी कडा कोरडी आणि ठाम पाहिजे, नाहीतर धुकं कशापुढे आहे तेच कळत नाही. आणि हिरवा! ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा लावणाऱ्यांना पावसाळ्यात घराबाहेर सोडू नये. ढगाळ उजेडातला हिरवा गडद असतो, त्यात सिएना नाहीतर लाल जायलाच पाहिजे.

माझी खरी तक्रार पोरांच्या बाबतीत आहे. आमच्या शाळेतल्या मुलांना कधीही निसर्गचित्र काढायला सांगा, आधीची पिढी दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि झोपडी काढायची. आताची पोरं मोबाइलवर बघून बर्फातलं लाकडी घर, पाइनची झाडं, लव्हेंडरची शेतं काढतात, आणि हात त्यांचा खरंच चांगला बसलाय, वॉश असे सफाईदार मारतात की मला हेवा वाटावा. पण सातवीतल्या पोराने आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही आणि शाळेच्या दारातला गुलमोहर त्याने कधी रंगवला नाही. गुलमोहराखाली सावली कसल्या रंगाची पडते असं विचारलं तर म्हणतो काळी. व्हिडिओवाल्यांना मी दोष देत नाही, ते त्यांच्या गावचा उजेड दाखवतात, बरोबरच आहे त्यांचं. आपल्या गावचा कोण दाखवणार? चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकायचा आणि ग्रेडच्या परीक्षेच्या तोंडावर स्थिरचित्राची तयारी करून घ्यायची, एवढ्यात पोरं वर्गाबाहेर कधी पडायची. परीक्षेला माझा विरोध नाही, पण महिन्यातून एक तास तरी पोरांना मैदानावर सोडून, एकच भिंत सकाळी, दुपारी आणि शाळा सुटताना अशी तीनदा रंगवून घ्या. पोस्टकार्डाएवढे तुकडे पुरतात.

कागद महाग हे कारण सगळे पुढे करतात, आणि ते खोटं नाही, परदेशी कॉटन कागदाच्या एका शीटची किंमत ऐकून पालक चक्कर येऊन पडतील. पण पातळ ड्रॉइंग पेपरवर वॉश मारला की तो फुगतो, डबकी साचतात आणि पोरगं म्हणतं मला वॉटरकलर येत नाही. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हँडमेड पेपर इन्स्टिट्यूट आहे, चिंध्यांपासून कागद होतो तिथे, शाळांनी मिळून एकदम घेतला तर एका शीटचे सोळा तुकडे करून वर्ग निघतो. रंगही चारच पुरे. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि एखादा लाल. चोवीस रंगांची पेटी घेऊन दिली की पोरं चोवीसही वापरतात.

लाल घेताना ॲलिझरिन क्रिमसन टाळा एवढं सांगतो, दिसायला सुरेख पण पातळ लावला तर उजेडाने उडतो. यावरून आठवलं, पुष्कळ घरांत आजोबांनी केलेली वॉटरकलर्स खिडकीसमोर लावलेली असतात आणि लोक म्हणतात जुनं चित्र आहे, फिकं झालंय. अहो, ते जुनं म्हणून नाही, खिडकीमुळे. एडिंबरोच्या नॅशनल गॅलरीला १९०० साली टर्नरची ३८ वॉटरकलर्स मिळाली, देणाऱ्याने मृत्युपत्रात अटच घातली होती की ती फक्त जानेवारीत दाखवायची कारण तिथे तेव्हा उजेड सगळ्यात कमी असतो, आणि ती अट ते अजून पाळतात. आपल्याकडे एवढं नको, पण निदान भिंत बदला.

शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे संपादकसाहेब, आणि ते पेपरापुरतंच आहे. पुरवणीत वॉटरकलर छापता तेव्हा तुमच्याकडचं कोणीतरी त्याचा कॉन्ट्रास्ट आणि रंग भडक करतं हे उघड दिसतं. समजू शकतो, न्यूजप्रिंट मुळात राखाडी, चित्र मवाळ छापलं तर दबून जातं. पण त्या लेखातल्या चित्रात लांबचा डोंगर जवळच्या झाडाइतकाच गडद छापला गेलाय, म्हणजे चित्रकाराने हवेसाठी केलेली सगळी मेहनत प्रेसमध्ये गेली, आणि वर लेखात लिहिलंय की आपल्याकडे वातावरण मिळत नाही! तेव्हा पुढच्या वेळी चित्र जरा मोठं आणि आहे तसं छापा, चित्रकारांकडून ट्यूबलाइटखाली मोबाइलवर काढलेला पिवळट फोटो न घेता नीट स्कॅन मागवा, आणि खाली माध्यम, मूळ साइज, गावाचं नाव आणि महिना एवढं द्या. वेळ पण दिलीत तर फारच बरं, सकाळ की दुपार. आणि उन्हाळ्यात एक पुरवणी फक्त दुपारच्या चित्रांची काढणार असाल तर आमच्या शाळेतल्या पोरांची पाठवतो, तोपर्यंत तयार करून घेतो.

आपला,
एक चित्रकला शिक्षक, जि. सातारा